बांधावरच्या गप्पा : कोपीतलं पोर



आमच्या कृष्णाकाठाला सध्या उसाचा हंगाम ऐन भरात आहे. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी ट्रॅक्टरची धडधड कानावर येते. रस्त्यावर जिकडंतिकडं पाचट सांडलेलं असतं आणि वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास थेट माजघरात शिरतो. पाहुणा आला की नाक दाबतो. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नाही. त्या वासामागं पोरीचं लग्न असतं, सोसायटीचं फिटलेलं कर्ज असतं, घरावर पडलेला स्लॅब असतो.

गेल्या रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. नात कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते, ती सुट्टीला आली होती. मी आपला नेहमीसारखा गावाचं कौतुक सांगत होतो. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एका नगराची गोष्ट सांगू? आम्हाला अभ्यासाला होती."

अमेरिकेत उर्सुला ले ग्विन नावाच्या लेखिका होऊन गेल्या. त्यांनी १९७३ साली ही छोटी गोष्ट लिहिली. समुद्राच्या काठी एक नगर असतं. तिथं राजा नाही, गुलाम नाही, शिपाई नाही. माणसं आनंदी, शहाणी, एकमेकांना धरून राहणारी. उन्हाळ्याचा मोठा सण चाललेला असतो. पण त्या नगरात एका इमारतीच्या तळघरात, अंधाऱ्या कोंदट खोलीत, एक पोर कोंडून ठेवलेलं असतं. घाणीत बसलेलं, अर्धपोटी, अंगावर फोड आलेलं. नगराचं सगळं सुख त्या पोराच्या हालांवर उभं आहे. त्याला बाहेर काढून धुतलं-पुसलं, पोटभर जेवू घातलं, तर त्याच दिवशी नगराची भरभराट संपेल, अशी अटच आहे. आणि हे सगळ्यांना माहीत असतं. मुलं जाणती झाली की त्यांना सांगितलं जातं. ती रडतात, चिडतात, मग हळूहळू मनाची समजूत घालतात. थोडेजण मात्र ते पोर पाहून आल्यावर कुणाशी न बोलता नगराच्या वेशीतून बाहेर पडतात आणि परत येत नाहीत.

गोष्ट संपली. मी म्हणालो, "छान आहे हो. पण असं कुठं नगर असतं का!"

आमची मंडळी दारात शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या मळ्याच्या कडंला, कोपीत होतं की ते पोर."

मी गप्प झालो. का झालो ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

तीन वर्षांमागची गोष्ट. आमचा दोन एकराचा आडसाली ऊस. तोड लांबत चालली होती. उसाला तुरे आलेले, वजन घटायची भीती, शेवटी एकदाचा चिटबॉय येऊन चिठ्ठी देऊन गेला. टोळी आली ती बीडकडची, आठ कोयत्यांची. ज्यांच्याकडं ऊस नाही त्या वाचकांसाठी सांगतो, एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. माणूस मोजायचा नाही, कोयता मोजायचा. एकटा गडी किंवा एकटी बाई असली तर तिला अर्धा कोयता म्हणतात.

त्यातली एक बाई दुसऱ्या दिवशी मागं पडायला लागली. मोळी बांधताना मधेच खाली बसायची. एकदा तिनं मला विचारलं, "मामा, मोटारीच्या खोलीत घटकाभर पडू का?" खोलीत खताची पोती होती, स्टार्टर होता. मी म्हटलं, आत जागा नाही. जागा होती. मग दुपारी मुकादम आला तेव्हा मी त्याला बोललो, "हा कोयता मागं राहतोय. ट्रॉली वेळेत भरायला पाहिजे." मी रागानं बोललो नाही, शिवीगाळ केली नाही. मला फक्त ट्रॉली वेळेवर भरून हवी होती. मुकादमानं त्या जोडप्याला काय सुनावलं ते मी ऐकलं नाही. एवढं खरं की तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी फडात उभी होती, आणि दहा वाजायच्या सुमाराला सरीतच कोसळली. दोन महिन्यांचे दिवस गेलेले होते, ते तिथंच वाया गेले. आमच्या मंडळीनं शेजारच्यांची जीप मागून तिला दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ती परत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. तिचं तीन वर्षांचं पोर बांधावर, साडीच्या झोळीशेजारी, उसाचं कांडं चोखत बसलेलं असायचं.

त्या वर्षी दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर घरी आली. आम्ही करंज्या केल्या, लाडू केले. गोडच लागले.

मंडळी, मी काही साखरेच्या नावानं खडे फोडायला बसलेलो नाही. ज्या भागात कुसळं उगवत होती तिथं पाटाचं पाणी आणि साखर कारखाना आल्यावर काय झालं, हे माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं. विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ एकत्र आले, आणि १९५० च्या सुमारास लोणीच्या माळावर शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी कारखाना उभा राहिला. सावकाराच्या दारात टोपी काढून उभा राहणारा कुणबी कारखान्याचा मालक झाला. मग गावोगाव ते लोण पसरलं. कारखान्यापाठोपाठ हायस्कूल आलं, कॉलेज आलं, दवाखाना आला, दूधसंघ आला. आमची पोरं शिकून इंजिनिअर झाली ती याच उसावर. याचा अभिमान आहे आणि तो राहणार.

पण या सगळ्यात एक प्रश्न पहिल्यापासून बाजूला राहिला. ऊस तोडायचा कुणी? ज्याच्या घरात ऊस पिकला त्याच्या घरातली माणसं हळूहळू कोयता धरेनाशी झाली. तेव्हा जिथं पाऊस नाही तिथून माणसं आणायची रीत पडली. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं आणि मग हा लोंढा फार वाढला. बीड जिल्हा सगळ्यांत पुढं, त्याखालोखाल पाथर्डी-शेवगावचा भाग, जालना, परभणी, धाराशिव, जतचा दुष्काळी पट्टा. दसरा-दिवाळी झाली की कित्येक लाख माणसं घराला कुलूप लावून, म्हातारी माणसं मागं ठेवून, शेळी-कोंबडीसकट ट्रकमध्ये बसतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत जातात. यांतल्या बऱ्याच जणांच्या नावावर सातबारा आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू. म्हणजे तीही आपल्यासारखीच शेतकरी. फरक एवढाच की आपल्या वाटणीला पाटाचं पाणी आलं आणि त्यांच्या वाटणीला नाही.

या कामाची बांधणी कशी आहे ती नीट समजून घ्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. ती आता एका कोयत्याला लाखाच्या घरात जाते. ती उचल ऊस तोडून फेडायची. मजुरी टनावर. जोडप्यानं मरमर केली तर दिवसाला दीड-दोन टन ऊस तुटतो. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत धरला जातो. म्हणजे आजारपणालाही दंड आणि बाळंतपणालाही. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. माणूस फडात उभा राहतो तो अशा अंगावरच्या पैशापायी. त्या दिवशी मी 'कोयता मागं राहतोय' म्हणालो, तो माझ्या लेखी एक साधा शब्द होता. तिच्या लेखी तो दंडाचा आकडा होता.

आता आयाबायांनो, पुढचं तुमच्यासाठी. कोपीत राहणारी बाई पहाटे तीनला उठते. चूल, भाकरी, पाणी लांबून आणणं. मग दिवसभर फडात वाकून तोडायचं, पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर वाहायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आडोसा नाही, संडास नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही आणि वाळवायला जागा नाही. मग आतले आजार होतात. ते अंगावर काढले जातात, कारण दवाखान्यात गेलं की खाडा. शेवटी गावी परतल्यावर एखादा खाजगी डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झाली आहे, काढून टाक, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. बाई विचार करते, पोरं झाली आहेत, पाळीची कटकट जाईल, खाडा वाचेल. ऑपरेशनला कर्ज काढलं जातं आणि ते फेडायला पुन्हा नवी उचल.

ही ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ साली वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर सरकारनं विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशभरच्या २०१५-१६ च्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पिशवी गेल्यावर दुखणं संपतं असंही नाही. तरुणपणीच कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात, अंगात वाफा येतात, आणि तरी मोळी उचलायचीच असते.

आणि पोरं? जी बरोबर येतात त्यांची सहा महिने शाळा बुडते. जी मागं राहतात ती म्हाताऱ्या आजीच्या जिवावर. पोरगी वयात आली की आईबापाला घोर पडतो. तिला गावात एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? आणि बरोबर न्यायची तर कोपीला दार कुठं असतं? मग अठराच्या आत तिचं लग्न उरकतात. लग्न झालं की तिचा आणि नवऱ्याचा मिळून एक नवा कोयता होतो, एक नवी उचल मिळते. फिरून तेच.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, "गुरुजी, हे सगळं खरं, पण आम्ही तरी कुठं सुखात आहोत?" बरोबर आहे. ऊसवाल्याचंही दुखणं मला ठाऊक आहे, मी स्वतः ऊसवाला आहे. तोड वेळेवर मिळत नाही. फडात टोळी उतरली की वर खुशालीचे पैसे मागितले जातात, गाडीवाल्याला वेगळे द्यावे लागतात. बिल हप्त्याहप्त्यानं येतं, खताचे भाव मात्र एकदम चढतात. उचल घेऊन टोळीच पळाल्यामुळं कर्जात बुडालेले वाहनमालकही मी पाहिले आहेत. म्हणजे या साखळीत प्रत्येकजण आपल्या वरच्याकडं बोट दाखवतो, आणि ते खोटं नसतं. पण साखळीचं शेवटचं टोक कुठं आहे? ती बाई बोट कुणाकडं दाखवणार? तिच्याखाली फक्त तिचं पोर आहे.

कुणी म्हणेल, आता तोडणीची यंत्रं आली, प्रश्नच मिटला. यंत्र येईल, रुंद सरी पाडलेल्या मोठ्या फडात ते चालेलही. पण यंत्र आलं म्हणून बीडच्या माळावर पाणी येत नाही. नुसतं यंत्र आलं तर त्या माणसांचे हाल आपल्या डोळ्यांआड होतील, एवढंच. आतापर्यंत निदान दिसत तरी होते.

तर त्या गोष्टीकडं परत येतो. नातीनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही त्या नगरात असता तर निघून गेला असता का?" मी खरं तेच सांगितलं, "नसतो गेलो पोरी. शेतकऱ्याला निघून जाता येत नाही. जमीन काही बरोबर नेता येत नाही." रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र दुसरीच गोष्ट ध्यानात आली. त्या नगरात अट होती की पोराला बाहेर काढलं की सगळ्यांचं सुख संपेल. आपल्याला अशी अट घातली कुणी? टोळीतल्या बाईला आडोसा मिळाला तर उसाचा उतारा घटतो का? तिचं पोर अंगणवाडीत बसलं तर साखर कडू होते का? बाळंतिणीला पंधरा दिवस खाडा धरला नाही तर कारखाना बंद पडतो का? यांतलं काहीही होत नाही. त्या नगरातल्या लोकांना निदान एक सबब होती. आपल्यापाशी तीही नाही. आपण फक्त विचारलं नाही.

थोडं काही घडतं आहे, तेही सांगायला पाहिजे. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना पिशवीच्या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम झाला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ झालं आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे ठरलं. पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. कागदावरून फडापर्यंत यायला या गोष्टींना वेळ लागतो, आणि तो वेळ कमी करणं आपल्याही हातात आहे.

म्हणून माझं सांगणं चार साध्या गोष्टींचं.

पहिली, आपल्या फडापुरती. टोळी यायच्या आदल्या दिवशी विहिरीवरचं पिण्याचं पाणी पिंपात भरून ठेवा. चार मेढी रोवून जुनं कापड किंवा शेडनेट बांधून बायकांसाठी आडोसा करा. मोटारीची खोली उघडी ठेवा. याला खर्च किती? एका ट्रॉलीच्या खुशालीपेक्षा कमी.

दुसरी, गावापुरती. कोपीतल्या पोरांना गावच्या शाळेत बसवायला दाखल्याची वाट पाहायची गरज नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं कागद नाही म्हणून पोराला परत पाठवता येत नाही. अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना सांगा की अमुक ठिकाणी कोप्या पडल्या आहेत, त्यात इतकी पोरं आहेत, एक गरोदर आहे. आता रेशनही दुसऱ्या गावच्या दुकानात मिळू शकतं. दुकानदाराला तुम्ही शब्द टाकलात तर फरक पडतो. परक्या गावात त्यांचा शब्द कोण ऐकणार?

तिसरी, कारखान्यापुरती. आपण सभासद आहोत. वार्षिक सभेत आपण भावासाठी उठून बोलतो, बोललंच पाहिजे. त्याच सभेत एकानं तरी उठून विचारावं की आपल्या गाळपाच्या हंगामात टोळ्यांच्या तळावर पाणी, दिवा, संडास आणि डॉक्टर आहे का? टनामागचे दहा रुपये भरले का? गरोदर बाईचा खाडा धरू नये असं मुकादमांच्या करारात घालता येईल का? एकानं विचारलं तर हसतील. पन्नासांनी विचारलं तर टिपणात लिहून घ्यावं लागेल.

चौथी, घरापुरती. आपल्या पोरांना सांगा. साखर कशी होते हे शिकवताना पाणी, खत, गाळप सगळं सांगतो, तशी ती बाईही सांगा. लाज वाटावी म्हणून नव्हे. उद्या ती मुलं कारखान्याच्या खुर्चीत बसतील, कुणी डॉक्टर होतील, कुणी तहसीलदार. तेव्हा त्यांना ती आठवावी म्हणून.

हे सगळं केल्यानं त्या माणसांचं दारिद्र्य हटेल असं मी म्हणत नाही. ते हटेल त्यांच्या गावी पाणी आणि काम पोचेल तेव्हा. त्यासाठी आपल्या वाट्याच्या पाण्याचाही कधीतरी हिशोब करावा लागेल, आणि तो आपल्याला जड जाणार आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी बोलू.

यंदा आमच्या फडात टोळी उतरली ती दुसरीच. ती बाई पुन्हा आमच्याकडं आली नाही. त्या रात्री मी मंडळीला विचारलं, "तिचं नाव काय होतं गं?" तिनं चटकन सांगितलं. पोराचंही सांगितलं, गावही सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर दोघी दिवसभर बसल्या होत्या ना. मी चार दिवस तिच्यापासून दहा हातांवर उभा होतो, आणि मला फक्त कोयत्यांची संख्या माहीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो आणि मोटारीच्या खोलीचं कुलूप काढून खिशात घातलं. खताची पोती एका बाजूला सारली. दोन माणसं आडवी होतील एवढी जागा निघाली.

असो. पुढच्या आठवड्यात भेटूच. रामराम!